ठासणीचं रिव्हॉल्वर: गोळी वर का जाते आणि शिसं उलटं का येतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझी काही गफलत झाली असेल तर लगेच कळेल. तुम्ही १८५८ च्या रेमिंग्टन रिव्हॉल्वरची .४४ ची इटालियन नक्कल घेतली. २५ यार्डांवर गोळ्या मध्यापासून वीतभर वर जातात, आणि त्यासुद्धा जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरलेल्या. कागदाचा कंटाळा आला म्हणून मित्राच्या शेतावर झाडाला टांगलेल्या लोखंडी प्लेटवर आठ यार्डांवरून बार काढले. तिसऱ्या की चौथ्या बाराला शिशाचा तुकडा उलटा आला आणि तुमच्या उजव्या हाताला उभ्या असलेल्या मित्राचा गाल कापून गेला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. आता तुम्ही दोन गोष्टी विचारताय: नेम कसा सुधारायचा, आणि यापुढे बंदुकीची दारू कमी करून १२ ग्रेनच (ग्रेन हे दारू मोजायचं बारीक माप) टाकली तर धोका कमी होईल का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही. उलट वाढेल.

मी ओहायोत राहतो आणि गेली २० वर्षं ठासणीची रिव्हॉल्वरं चालवतो. लहानपण कुडाळजवळ गेलं. घरात आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतातली माकडं आणि डुकरं हाकायला परवान्यावर घेतलेली. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर आजोबा ती खांद्याला लावून एस्टीने परत आणायचे. त्यामुळे 'केप' (दारू पेटवणारी तांब्याची छोटी टोपी), 'ठासणी' (दारू आणि गोळी पुढून दाबून भरणं), 'बार' हे शब्द मला इथे येऊन शिकावे लागले नाहीत. पण शिसं उलटं येतं हे मात्र इथेच शिकलो, तेही स्वतःच्या नडगीवर.

झालं असं. २०११ चा ऑक्टोबर. ओकच्या झाडाचा एक ओंडका मित्राने आडवा कापून ठेवला होता, दोन वर्षं वाळलेला. मला वाटलं, यापेक्षा चांगली पाठ कुठली मिळणार? कापलेल्या तोंडावर कागद टाचला आणि दहा यार्डांवरून बार काढला. घराजवळ आवाज नको म्हणून दारू फक्त १५ ग्रेन. 'ठप्प' असा एक बोदा आवाज आला आणि त्याच क्षणी नडगीवर कोणीतरी हातोडी मारल्यासारखं झालं. जीन्स फाटली नाही, पण पुढचे पंधरा दिवस नडगी जांभळी होती. गोळी बुटापाशीच सापडली. ती आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. मागची बाजू अगदी गोल, तशीच्या तशी. पुढची बाजू बत्ताशासारखी चपटी, आणि त्या चपट्या भागावर ओकची वर्षांची वलयं इतकी स्वच्छ उमटलेली की मोजता येतात. पाच आहेत.

त्या वलयांत तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. वेगाने आलेली गोळी लाकडात शिरते आणि तिथेच अडकते. हळू आलेली गोळी शिरत नाही. ती लाकूड थोडं दाबते, आणि लाकूड स्प्रिंगसारखं सुटून तिला आल्या वाटेने परत पाठवतं. वाळलेलं कठीण लाकूड, जुने टायर, थंडीत गोठलेली जमीन, सगळ्यांचा स्वभाव हाच. त्यात आपली गोळी म्हणजे नऊ ग्रॅमचा मऊ शिशाचा गोल, टोक नाही, तांब्याचं कवच नाही. शिरायला सगळ्यात वाईट आणि उसळायला सगळ्यात चांगली. १२ ग्रेन टाकून तुम्ही तिला आणखी हळू करणार. लोखंडावर तुकडे कमी उडतील, हे खरं. पण प्लेट चुकून गोळी झाडाला लागली तर ती अख्खी परत येईल.

आता तुमच्या मित्राच्या गालाकडे वळू. तो तुकडा प्लेटवरूनच आला असं तुम्ही धरून चाललाय. मी धरणार नाही. रिव्हॉल्वरच्या बाजूला उभ्या माणसाला तीन ठिकाणांहून काहीबाही लागू शकतं, आणि तिन्हींचे तुकडे वेगवेगळे दिसतात. पातळ, तांबूस, फुलासारखं फाटलेलं असेल तर ती फुटलेली केप. ती मागून-बाजूने उडते. राखाडी, कुरळं, पेन्सिल सोलल्यासारखं असेल तर ते सिलिंडर (दारू-गोळी भरायच्या सहा कप्प्यांचं फिरणारं नळकांडं) आणि नळी यांच्यातल्या फटीतून उडालेलं शिसं. सिलिंडर नीट जुळून थांबत नसेल तर कप्प्यातून निघालेली गोळी नळीच्या तोंडाला घासते आणि सोललं गेलेलं शिसं काटकोनात बाजूला फेकलं जातं. बरोबर शेजारी उभं राहणाऱ्याला हे पुष्कळदा लागतं आणि बिचाऱ्या प्लेटवर आळ येतो. तिसरा प्रकार म्हणजे चपटा, एका अंगाला आरशासारखा गुळगुळीत आणि कडेला धार असलेला तुकडा. तो प्लेटवरचा. तुम्ही लिहिलंय, 'राखाडी, चपटा, एक बाजू चकचकीत'. म्हणजे प्लेटच. पण दुसरी शंकाही फेडून घ्या. रिकाम्या, पुन्हा सांगतो, केपा काढलेल्या रिव्हॉल्वरचा घोडा (केपेवर आपटणारा हातोडा) पूर्ण मागे ओढा, सिलिंडर अडकलेला असताना नळीच्या तोंडातून बारीक बॅटरी आत मारा आणि कप्प्याचं भोक नळीच्या भोकाशी एककेंद्री आहे का ते बघा. सहाही कप्प्यांचं. एकात जरी चंद्रकोर दिसली तरी गनस्मिथकडे न्या.

प्लेटचं असं आहे. सपाट, कठीण लोखंडावर शिशाची गोळी काटकोनात आदळली की तिची भाकरी होते आणि तुकडे प्लेटच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, चहूबाजूंना उडतात. मागे येत नाहीत. म्हणूनच स्टीलवर नेमबाजी करणं शक्य होतं, आणि हजारो लोक दर शनिवार-रविवारी करतात. हे गणित बिघडतं ते तीन कारणांनी. एक, प्लेटवर खड्डे असणं. खड्डा म्हणजे वाटी: शिसं एका काठाने आत जातं, तळातून वळतं आणि दुसऱ्या काठाने तुमच्याकडे तोंड करून बाहेर येतं. दोन, गोळी प्लेटच्या कडेला, बोल्टच्या डोक्याला किंवा साखळीला लागणं. तीन, प्लेट वरच्या बाजूने मागे कललेली असणं, म्हणजे सगळा फवारा वर आणि तोंडाकडे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: 'मित्र त्याच प्लेटवर आधी डिअर रायफल मारायचा'. घ्या. साध्या लोखंडावर रायफल मारली की खड्डे पडतातच. त्यानंतर ती प्लेट हँडगनसाठी बाद. हात फिरवून खड्डा बोटाला लागला की मी ती सरळ भंगारात देतो, घासून सपाट करायच्या भानगडीत पडत नाही. नवी घ्याल तेव्हा एआर ५०० प्रकारचं कठीण पोलाद घ्या, वरची कड पुढे, तुमच्याकडे झुकेल अशी टांगा (सुमारे २० अंश), म्हणजे शिसं जमिनीत जातं. बोल्ट गोल डोक्याचे वापरा. आणि आठ यार्ड हे फार जवळ आहे. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत लोखंडी टार्गेटसाठी किमान अंतर ७ मीटर आहे, तिच्या अमेरिकेतल्या शाखेत, यूएसपीएसएत, २३ फूट, आणि तुमचे आठ यार्ड म्हणजे २४ फूट, म्हणजे नियमाच्या उंबरठ्यावरच. पण ते नियम चांगल्या, तपासलेल्या, नीट टांगलेल्या प्लेटांसाठी आहेत. मी स्वतः १२ यार्डांच्या आत स्टीलवर बार काढत नाही.

मग कडेला गोळी लागतेच का? कारण नेम लागत नाही. म्हणून तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात. ताटाएवढ्या विखुरणीचं रिव्हॉल्वर घेऊन तुम्ही ताटाएवढ्याच प्लेटवर बार काढत होतात. प्रत्येक चुकलेली गोळी कडेला, साखळीला, झाडाला नाहीतर मागच्या जमिनीला लागणार, आणि उसळण्याचे सगळे धंदे तिथेच होतात. आधी कागद आणि कागदामागे मातीचा उंच बांध. तळहाताएवढ्या जागेत सहाच्या सहा गोळ्या येऊ लागल्या, मग लोखंड.

जमिनीबद्दल दोन शब्द, कारण लोकांना वाटतं माती म्हणजे सुरक्षित. सपाट जमीन सुरक्षित नाही. पाच फुटांवर धरलेल्या नळीतून निघालेली गोळी २५ यार्डांवर जमिनीला लागते तेव्हा कोन जेमतेम चार अंशांचा असतो. एवढ्या निजत्या कोनात गोळी रुतत नाही, टप्पा खाते. पाण्याचं तर सूत्रच आहे: गोल वस्तूसाठी टप्पा खाण्याचा सर्वांत मोठा कोन म्हणजे १८ भागिले तिच्या विशिष्ट गुरुत्वाचं वर्गमूळ. शिशाचं विशिष्ट गुरुत्व ११.३, वर्गमूळ ३.४ च्या आसपास, म्हणजे कोन ५.३ अंश. २० यार्डांवर शेततळ्यात तरंगणाऱ्या डब्यावर नेम धराल तर कोन येतो पाच अंशांच्या थोडा आत. आपण लहानपणी नदीवर चपटा दगड भिरकावून भाकऱ्या काढायचो, तेच. फरक इतकाच की या भाकरीचा पुढचा टप्पा समोरच्या काठावरच्या कोणाच्या तरी अंगणात पडतो. तळ्यावर बार काढू नका, दगड असलेल्या उतारावर काढू नका, जानेवारीत गोठलेल्या शेतात तर अजिबात नको. बांध उभ्या चढाचा, मऊ मातीचा, वरच्या थरात दगडगोटे नसलेला हवा, आणि टार्गेट त्याच्या पायथ्याशी असावं, वरच्या काठाशी नाही.

आता नेम. इथे मला जरा रमायला आवडतं, तेव्हा सांभाळून घ्या.

पुढच्या माशीला (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या उंचवट्याला) अजून हात लावू नका. गोळ्या वर जातात हा तक्रारीचा सोपा भाग आहे. विखुरतात हा खरा. जोपर्यंत छिद्रांचा पुंजका घट्ट होत नाही तोपर्यंत त्याचं केंद्र कुठे आहे हे कळतच नाही.

पहिलं काम कप्प्यांना नंबर द्यायचं. सिलिंडरच्या मागच्या बाजूला, केपेशेजारी, मार्करने एक ते सहा. मग सहा वेगळे कागद लावा, किंवा एका कागदावर सहा वर्तुळं काढा, आणि टेकू घेऊन १ नंबरच्या कप्प्याची गोळी १ नंबरच्या वर्तुळावर, असं पाच फेऱ्या करा. कंटाळवाणं आहे. एक अख्खी सकाळ जाते. पण माझ्या एका .४४ मध्ये पाच कप्पे तीन इंचांत मारायचे आणि चौथा दर वेळी खाली-डावीकडे चार इंच. वर्षभर मी स्वतःच्या चापाला शिव्या देत होतो. दोष त्या कप्प्याच्या तोंडाचा होता. काठावर धातूची बारीक कड उठून राहिली होती आणि ठासताना गोळीचं शिसं तिथे वाकडं सोललं जायचं.

सोलण्यावरून सांगतो. गोळी ठासताना कप्प्याच्या तोंडाशी शिशाची बारीक अखंड अंगठी निघाली पाहिजे. तीच तुमची खात्री की गोळी कप्प्यात गच्च बसली, म्हणजे शेजारच्या बाराची ठिणगी पुढून आत शिरणार नाही आणि सहाही बार एकदम उडणार नाहीत. अंगठी अर्धवट निघत असेल तर .४५१ (इंचांतला व्यास) सोडून .४५४ ची गोळी घ्या. गोळी शुद्ध मऊ शिशाचीच हवी. गाडीच्या चाकाला तोलासाठी लावतात त्या वजनांचं कडक शिसं ओतून बनवलेल्या गोळ्या ठासताना दांडा वाकतो, आणि लोखंडावर त्या फुटतातही वाईट. पुष्कळ इटालियन नकलांत कप्प्याचं तोंड नळीच्या आतल्या पेचदार खाचांच्या तळापेक्षा बारीक असतं. गोळी आधी कप्प्यात आवळली जाते, मग मोठ्या नळीत सैल पडते आणि पेच नीट पकडत नाही. असं असेल तर चांगला गनस्मिथ कप्पे नळीच्या मापाला रीम करून, म्हणजे भोक कोरून मोठं करून, देतो. मी ज्या रिव्हॉल्वरचे कप्पे करून घेतले त्याचा पुंजका अर्ध्यावर आला. पण हे शेवटचं औषध, पहिलं नाही.

दारू. तुम्ही किती टाकता ते लिहिलेलं नाही, 'कप्पा भरेल तेवढी' असं लिहिलंय. तिथेच अर्धी विखुरणी आहे. .४४ ला कागदावर अचूक मारायला १८ ते २५ ग्रेन, थ्री-एफ जातीची (बारीक दाण्याची), पुरे होते. मापाने मोजा, आणि हे 'ग्रेन' आकारमानाचे असतात हे लक्षात ठेवा. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूसाठीही तेच माप आकारमानानेच वापरायचं, तराजूने नाही. १८ पासून सुरुवात करा, दोन-दोन ग्रेनने चढा, प्रत्येक मापाच्या दोन फेऱ्या. कुठल्या तरी एका मापाला पुंजका एकदम आवळतो. तेच तुमचं माप. माझ्या रेमिंग्टनचं २२ आहे, तुमचं वेगळं असेल.

मग तुम्ही म्हणाल, 'आता तुम्हीच दारू कमी करायला सांगताय'. हो, पण कागदावर आणि मऊ मातीच्या बांधावर. आणि कमी दारूत एक मेख असते. दारू थोडी म्हणून गोळी कप्प्यात खोल बसते, आणि चाप ओढल्यावर ती मोकळ्या कप्प्यातून धावत येऊन नळीत शिरते, कधी सरळ, कधी वाकडी. त्यावर जगभरचे नेमबाज जे औषध वापरतात ते तुमच्या स्वयंपाकघरात आहे: रवा. दारूवर रवा ओतून गोळी कप्प्याच्या तोंडापासून केसभर आत बसेल अशी जागा भरायची. उपम्याचा जाड रवा उत्तम, बारीक रवाही चालतो, पण भाजलेला किंवा तुपाचा हात लागलेला नको. बायकोने पहिल्यांदा मला रव्याचं पातेलं गॅरेजमध्ये नेताना पाहिलं तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरलेलो नाही. नियम एकच: दारू आणि गोळी यांच्यात हवेची पोकळी कधीही राहू द्यायची नाही. रवा असो वा नसो, गोळी घट्ट दाबून बसलीच पाहिजे.

एमएलएआयसी या ठासणीच्या हत्यारांच्या संघटनेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 'मारिएट' नावाचा प्रकार आहे: केपेचं रिव्हॉल्वर, २५ मीटर, एका हातात, अर्ध्या तासात १३ गोळ्या आणि त्यातल्या चांगल्या १० धरायच्या. तिथले अव्वल लोक १०० पैकी ९५ च्या वर जातात. म्हणजे हत्यारात दम आहे. तुम्ही एका हाताने सुरुवात करू नका. टेकू घ्या, पण मनगटाखाली, नळीखाली नको, आणि कुठलंही बोट सिलिंडरच्या पुढे येऊ देऊ नका. मगाशी सांगितलेली फट बोटही सोडत नाही.

काळ्या दारूची राख. शोरा ७५ टक्के, कोळसा १५, गंधक १०, आणि जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन मळ म्हणून मागे उरतं. तो नळीत बसतो, आणि कोरड्या हवेत काचेसारखा कडक होतो. तुमच्या पहिल्या सहा गोळ्या बऱ्या आणि पुढच्या बेभरवशाच्या असतील तर कारण हेच. प्रत्येक सिलिंडरनंतर ओला कापडी तुकडा नळीतून एकदा फिरवा. गोळीखाली चरबी लावलेला नमद्याचा तुकडा घाला. पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस काळ्या दारूबरोबर डांबर होतं, ते टाळा. मेण आणि ऑलिव्ह ऑइल वितळवून मी घरीच करतो. बाजारात मेंढीच्या चरबीचंही मिळतं आणि ते उत्कृष्ट असतं, पण चरबी लावलेलं काडतूस हातात घेतलं की मला १८५७ आठवतं आणि हसू येतं.

हे सगळं करून पुंजका चार इंचांत आला, की मग माशी.

गोळी वर जाते कारण पुढची माशी बुटकी आहे. जुन्या कोल्ट रिव्हॉल्वरवर तर हे ठरलेलंच: मागची खाच घोड्याच्या डोक्यावर, पुढे पितळेचा मणी, आणि २५ यार्डांवर गोळी वीतभर वर. जवळच्या कागदासाठी ती हत्यारं जुळवलेलीच नव्हती. वाइल्ड बिल हिकॉकने २१ जुलै १८६५ ला मिसुरीतल्या स्प्रिंगफिल्डच्या चौकात डेव्हिस टटला सुमारे ७५ यार्डांवरून एका गोळीत पाडलं. त्या अंतरावर त्या बुटक्या माशीचा हिशेब बराच जुळतो. आपल्याला २५ वर जुळवायचाय.

गणित साधं आहे. माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर गुणिले चूक, भागिले टार्गेटचं अंतर. माशी ते खाच समजा १० इंच, गोळी ८ इंच वर, २५ यार्ड म्हणजे ९०० इंच. ८० भागिले ९००, म्हणजे ०.०८९ इंच, सव्वादोन मिलिमीटर. माशी आहे त्याहून एवढी उंच हवी. विकत मिळणारी उंच माशी मुद्दाम थोडी जास्त उंच घ्या, म्हणजे गोळी खाली लागू लागेल, आणि मग रेंजवरच कानशीने दोन घासे, दोन बार, पुन्हा दोन घासे, असं वर आणा. घासलेलं परत चिकटवता येत नाही, म्हणून शेवटचा इंच बाकी असताना थांबा आणि दुसऱ्या दिवशी बघा. थकलेल्या हाताने मी एकदा एक माशी वाया घालवली आहे. डावी-उजवी चूक असेल तर चूक ज्या बाजूला, त्याच बाजूला माशी सरकवायची: गोळी डावीकडे लागते तर माशी डावीकडे. ऐकायला उलटं वाटतं, पण बरोबर तेच.

आणि माशी जुळवल्यावर दारूचं माप बदलू नका. माप बदललं की जागा बदलते, मग कितीही कानस चालवा.

उरलेलं पटकन. डोळ्यांना झेड ८७.१ या अमेरिकी सुरक्षा मानकाचा शिक्का असलेला, बाजूने झाकणारा चष्मा, तुमच्याच नाही तर बघणाऱ्यांच्याही. मित्राचा नंबरचा चष्मा त्या दिवशी उपयोगी पडला हे नशीब. बघणारे कधीच शेजारी नकोत, मागे दोन पावलं. काठाची टोपी, म्हणजे वरून पडणारं शिसं शर्टाच्या गळ्यात जात नाही. घोड्याखालचा एक कप्पा रिकामा ठेवा, किंवा रेमिंग्टनला कप्प्यांच्या मध्ये घोडा टेकवायच्या ज्या खाचा आहेत त्या वापरा. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्यातल्या पोळीला हात लावू नका. आणि त्याच संध्याकाळी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर गंज चढलेला सापडेल.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुतण्याला न्यू जर्सीला द्यायचं म्हणताय म्हणून सांगतो: १९६८ च्या केंद्रीय कायद्याने ही ठासणीची नक्कल 'अँटिक' धरली जाते, म्हणून ती तुम्हाला टपालाने आली. न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा तसं मानत नाही, तिथे परवान्याशिवाय नेऊ नका. भारतात नेण्याचा तर विचारही नको. तिकडे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, माझ्या आजोबांना विचारलं असतंत तर त्यांनी एस्टीच्या तिकिटांचा हिशेबच दिला असता.

जमलं तर जूनमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये इंडियानातल्या फ्रेंडशिपला या. १९३३ पासूनची एनएमएलआरए ही ठासणीच्या नेमबाजांची संस्था तिथे राष्ट्रीय स्पर्धा भरवते. काळ्या दारूचा धूर, तंबू, आणि रिव्हॉल्वरच्या ओळीत सत्तरी उलटलेले म्हातारे, जे तुमचा हात धरून पाच मिनिटांत तुमची चूक सांगतात. मला चापाबद्दल जे कळलं ते तिथल्याच एका आजोबांकडून. ते म्हणाले, बार उडाल्यावरही माशी बघत राहा, धूर होईपर्यंत. घोडा पडायला वेळ लागतो, केप पेटायला वेळ लागतो, गोळी अजून नळीत असते आणि तुम्ही मान वर करून छिद्र शोधायला लागलेले असता. तुमच्या विखुरणीत याचाही हात असणार.

तर येत्या शनिवारी: प्लेट काढून टाका, मातीचा बांध, १५ यार्ड, टेकू, २० ग्रेन आणि वर रवा, कप्प्यांना नंबर. सहा वर्तुळांच्या कागदाचा फोटो पाठवा. छिद्रांशेजारी नंबर लिहायला विसरू नका, नाहीतर मला पुन्हा तेच विचारावं लागेल.